मेणबत्तीचे पेले आणि माझी फळी

आत्याबाई, तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी आम्ही थेरगावची खोली सोडली. आता मोशीला राहतो, नवव्या मजल्यावर. तुमची नातसून, म्हणजे माझी सून, चाकणला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पोरगी गोड, पण घर लावताना माझे मसाल्याचे डबे, बाटल्या, सगळं भंगारात! "आई, फळीवर एकसारखं दिसलं पाहिजे. मसाला पुडीतला आणू." पुडीतला! तुम्ही सासू म्हणून मला काय शिकवलं असेल तर मसाला भाजायला, आणि आता स्वयंपाकघरात माझी म्हणून एक फळी नाही. मी मनाशी म्हटलं, फळी घेतल्याशिवाय राहायची नाही.

ही बाई रोज संध्याकाळी वासाची मेणबत्ती लावते. लाइट गेलेली नसते हो, फोडणीचा वास जावा म्हणून. जाड काचेचा पेला, त्यात मेण, वर लाकडी झाकण. संपली की पेला कचऱ्यात. मी एकेक उचलून पलंगाखाली ठेवत गेले. सगळे एका मापाचे! एकसारखं पाहिजे ना तुला, घे म्हटलं.

पहिला पेला कढत पाण्यानं धुतला आणि पाणी ओतलं सिंकमध्ये. मेण आत जाऊन थिजलं, पाइप तुंबला. लेक खाली बसून पाइप खोलतोय, म्हणतो, "आई, फॅक्टरी काढलीस का काय?" सुनेनं मुकाट्यानं बाहेरून जेवण मागवलं, ते जास्त लागलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. माझी पहिली संक्रांत. तिळाच्या वड्या मी गरम असतानाच ताटातून ओरबाडतेय, सगळा चुरा. तुम्ही पाठीत धपाटा घालता, "अगं भवाने, गार पडू दे. गार झाली की आपोआप अंग सोडते." आणि मग पहिली अख्खी वडी माझ्याच हातावर ठेवलीत.

मग काय, पेले फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात. सकाळी मेण आकसलेलं, सुरीचं टोक लावलं की चकती टुपकन बाहेर. बुडाला वातीचा पत्रा चिकटलेला असतो, तो चमच्याच्या दांड्यानं उचकटला. राहिलेला चिकटा कोरडं बेसन चोळून काढला, मेण सगळं कागदात गुंडाळलं, मग साबण, मग गॅलरीत ऊन. वास काही जाईना. जिरं भरलं तर जिऱ्याला गुलाबाचा वास! परत धुतले, परत ऊन दाखवलं. मीही हटले नाही.

सून कंपनीत असताना मसाला भाजला, कांडला, भरला आणि ओट्यावर ओळ लावली. ती आली, थबकली. "आई, हे कुठून मागवलंत?"

"तुझ्याच मेणबत्त्या गं. आता सांग, एकसारखं हाय का न्हाई?"

तिनं झाकण उघडून मसाला हुंगला, शिंकली आणि हसायलाच लागली. "तुम्ही ऐकायच्या नाहीत!" म्हणाली, आणि तिथल्या तिथं आपले कॉफीचे मग उतरवून वरची फळी मला रिकामी करून दिली.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा हा कागद टाकायचा तरी कुठं? राहू दे माझ्यापाशीच. पण एक सांगते. फळी उंच आहे, माझा हात पोचत नाही. खालची मागितली असती तर तिनं दिली असती. मी मागितली नाही. रोज कंपनीत जायच्या गडबडीत ती मला हळद, मोहरी, मसाला काढून देते, आणि तेवढ्यात विचारते, "आज काय करताय, आई?"