तीन सकाळींचं ऊन

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू विचारलंस, "दादा, वहिनी कशी आहे?" आणि मी हवापाण्यावर घसरलो. तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याची जीभ एवढ्याशा प्रश्नाला रेटेना. म्हणून हे पत्र. कुरिअरवाला उद्याच देतो म्हणालाय.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या त्या औषधी जेलला मी 'प्रकाशभीरू' असं नाव ठेवलं, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. "भित्रं नाही रे, शहाणं आहे! उजेड पडला की मूठ उघडतं, एरवी औषध गच्च धरून बसतं." तुझ्या वहिनीच्या मानेतल्या गाठीशेजारी ते सुईने सोडलं, वर काळी पट्टी लावली. आठवड्यातून एकदा डॉक्टरांचा दिवा, बाकी अंधार. पहिल्याच दिव्याने बोराएवढी गाठ वाटाण्याएवढी झाली. त्या दिवशी फोनवर मला सर्दी नव्हती झाली, चिमणे.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, मानेला जरा ऊन लागू द्या ना. या पट्टीखाली कुजतेय मी." गाठ सापडल्यापासूनच्या दोन महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. दिवा तो दिवा, ऊन ते ऊन, असा न्यायनिवाडा करून मी पट्टी सोडवली, गॅलरीत खुर्ची टाकली. तीन सकाळी, अर्धा-अर्धा तास. ती डोळे मिटून बसायची आणि मी शहाणा तिला सूर्याची बारा नावं म्हणून दाखवायचो. तिसऱ्या दुपारी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्याच्या तक्त्यात 'पट्टी काढली का?' यापुढे, ओरडा बसेल म्हणून, मी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं. उलट्यांपुढे 'अपचन'.

त्यानंतर दोनदा दिवा लावला. गाठ पुन्हा बोराएवढी. मुठीत काही उरलंच नव्हतं, तर उघडून काय होणार? डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडत नाही; गुरुवारी औषधाच्या चाचणीतून तिचं नाव कमी करणार. तुझ्या सहा वर्षांच्या कामावर तोच शेरा बसेल.

औषध लागू पडत होतं गं. मी ते उन्हात सांडलं.

उद्या तक्ता खरा करून मी डॉक्टरांपुढे ठेवतोय. तू त्यांच्याशी बोल, हात जोड, पुन्हा एकदा सुई द्या म्हणावं. मला हवं तर घराबाहेर काढा, पट्टीला कुलूप लावा. फक्त वहिनीला कारण कळू देऊ नकोस. ऊन तिने मागितलं होतं. आजही गॅलरीचं दार उघडं दिसलं की म्हणते, "ते तीन दिवस किती बरं वाटलं हो."

तुझाच, कान धरून उभा असलेला,
दादा