चौथा खांदा

२२ फेब्रुवारी १९८२, सोमवार

उद्या सुट्टी! सोळा दिवसांत हा शब्द पहिल्यांदा लिहितोय. सातारा, सोलापूर, औरंगाबाद, नाशिक, ठाणे असं नऊशे किलोमीटरच्या वर सायकल मारली आणि आज सुधीरच्या गुडघ्यानं संप पुकारला. मी म्हटलं, आणखी थोडं रेट, पनवेल येईल. पण पठ्ठ्या रस्त्याकडेला बसलाच. सुधीर म्हणजे माझ्या बायकोचा, जयमालाचा, धाकटा भाऊ. वय बावीस आणि स्वभाव गरीब गाईचा. कुणी पाय दिला तरी हाच माफी मागणार. निघताना जयूनं माझ्याकडून वचन घेतलं, की जसा नेताय तसा परत आणा. मी त्याला जणू लढाईवरच नेतोय! बढती हुकली म्हणून रजा टाकून सायकलवर हिंडणारा जावई सासऱ्यांना काय कपाळ आवडणार.

मोठा रस्ता सोडून बोनकोड्याच्या पुढे खाडीकडे वळलो, तर आठ-दहा घरांचा एक पाडा लागला. जमिनी सरकारनं घेतलेल्या. तरणी माणसं कामाला कळंबोलीकडे गेली ती तिकडचीच झाली. उरलेत म्हातारे, बाया आणि पोरं. गोजराबाई नावाच्या म्हातारीनं पडवी दिली. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. सुधीरनं चार भाकऱ्या हाणल्या. मिठागरावरून गार वारा येतोय. मी चक्क खूश आहे.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दोन्ही सायकली उलट्या करून चेनी रॉकेलनं धुतल्या, ब्रेकचे रबर बदलले. मग दुपारी खाडीवर पाय बुडवायला निघालो. पाड्यापासून दोन फर्लांगावर पिंपळाखाली एक लांबट गुळगुळीत दगड आहे, माणूस आडवा मावेल एवढा. त्यावर कुणी कुणी ठेवलेले खडे आणि मूठभर वाळके तांदूळ. सुधीर त्यावर पसरला आणि घोरायलाच लागला. घटकाभरानं ऊन त्याच्या तोंडावर आलं. मी त्याला खांद्याला धरून गर्रकन फिरवला, डोकं होतं तिकडे पाय केले. तो जागासुद्धा झाला नाही.

तेवढ्यात रखमा नावाची बाई डोक्यावर पाटी घेऊन आली. आम्हाला पाहून तिनं पाटी खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. मला नव्हे, सुधीरला. मग पाटी तिथंच टाकून ती पाड्याकडे पळाली. सुधीरला उठवून सांगितलं, आम्ही पोट धरून हसलो.

परत आलो तर गोजराबाईची चूल थंड. पाड्यात एकाही घरावर धूर नाही. विचारलं तर म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, आज नाय पेटायची. शेवटी आमच्याजवळचे शेंगदाणे खाल्ले. हे कसलं आदरातिथ्य?

२४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळीच बाजीराव आला. पाड्यातला वडीलधारा, जन्म मिठागरात गेलेला. बरोबर मारोती आणि दत्तू, तेही साठीच्या पुढचे. बाजीरावानं शांतपणे समजावलं. तो दगड विसाव्याचा. तिरडी खाडीवर नेताना तिथं उतरवतात, फिरवतात, डोक्याकडचे पायाकडे होतात, खांदेकरी बदलतात आणि मग पुढे नेतात. तिथं उतरवलेला, फिरवलेला माणूस घराकडे परत येत नाही. तो पोचता होईपर्यंत पाड्यात चूल पेटत नाही.

“फिरवलाय ना तुमी? मंग आता फुरंच न्यावाचा,” तो म्हणाला. फुरं म्हणजे पुढं, खाडीकडे.

मी म्हटलं, बाबा, हा माणूस धडधडीत जिवंत आहे, सकाळपासून दोनदा खाऊ मागितलाय. बाजीराव म्हणाला, त्याला काय इलाज? आणि तिघं ओट्यावर बसून राहिले.

असल्या अडाण्यांत थांबायचं कशाला! सामान बांधून निघालो. पाड्याबाहेर सुधीरचं पायडल हलेना. चेन ठीक, चाक मोकळं, ब्रेक सुटा. मी त्याच्या सायकलवर बसलो तर लोण्यासारखी चालली. तो बसला की अडली. तो उभा राहून रेटत होता, मानेच्या शिरा फुगल्या, शेवटी सायकलसकट आडवा झाला. मग त्यानं गमतीनं हँडल खाडीकडे वळवलं. सायकल पायडल न मारताच निघाली. सपाट रस्त्यावर! पिंपळापाशी पोचायच्या आत मी धावत जाऊन कॅरियर धरला, तेव्हा थांबली.

तो हसत होता. मी नव्हतो हसत.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

त्याला पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्याकडे निघालो. दहा पावलांत माझे गुडघे टेकले. बावन्न किलोचं पोरगं, धान्याच्या पोत्यांची थप्पी अंगावर पडावी तसं. खाडीकडे तोंड केलं की हातावर घेण्याइतकं हलकं.

मग मी एकटाच वाशीला गेलो आणि एक डॉक्टर घेऊन आलो. सुधीर ओट्यावर बसून पाणी पीत होता. डॉक्टरनं छातीला नळी लावली, मनगट धरलं, डोळ्यांच्या पापण्या वर केल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, किती वाजता गेले?

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. मारोतीनं मला धरलं. डॉक्टर पिशवी उचलून चालता झाला, आणि सुधीरनं त्याला नमस्कारसुद्धा केला.

पोरं भिजवलेल्या पोह्यांवर आहेत. मोठी माणसं उपाशी. कुणी मला शिवी देत नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

खरं लिहितो. सोमवारीच गोजराबाईनं मला सांगितलं होतं. दगडावर कुणाला निजवू नका, निजलाच तर फिरवू नका. मला हसू आलं. मुद्दाम त्याला तिथं नेला. फिरवताना तोंडानं “चला, खांदे बदला” असंही म्हणालो. विनोद! सुधीरला यातलं काही माहीत नाही. आणि त्याला सांगायची माझी छाती नाही.

तिघांनी अंगणात बांबू आणले. भर उन्हात, बिडी ओढत तिरडी बांधताहेत. चौथा खांदा नाही. पाड्यात चौथा पुरुष उरलेलाच नाही. बाजीराव म्हणतो, नात्यातला माणूस हाय ना, त्यानंच फुरचा खांदा द्यावा. जबरदस्ती करत नाहीत. नुसते माझ्याकडे बघत बसतात.

पोरांचे पोहे संपत आलेत, म्हणून सुधीर आता काही खात नाही. म्हणतो, दाजी, आपल्यापायी लोक उपाशी आहेत हो. हा असाच, लहानपणापासून. माझा संताप झाला. मग मी विहिरीमागे जाऊन रडलो.

२७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

तो आपणहून तिरडीवर जाऊन निजला. मला म्हणाला, दाजी, उन्हं चढतायत. गोजराबाईचा नातू भुकेनं ओकला म्हणे —

मी खांदा दिला. देवा, किती हलका होता.

दगडापाशी उतरवलाय. तिघं पाणी प्यायला बाजूला झालेत. सुधीरचे डोळे उघडे आहेत. अजून डोकं घराकडे आहे. आता फिरवतील —

मी त्यांना फिरवू दिलं. आणि लगेच पुन्हा फिरवलं! मीच, खांद्याला धरून, मंगळवारसारखं. जे फिरतं ते उलटही फिरत असेलच की. कुणाला आधी सुचलं कसं नाही!

उठला. सुधीर उठून बसला! भूक लागली म्हणाला. घराकडे दहा पावलं चालून आला, हलका, मोकळा. मी त्याला मिठी मारली. जयू, तुझा भाऊ —

बाजीराव रागावला नाही. खाली बसला, टोपी काढली. दगडापर्यंत आलेली तिरडी मोकळी परत नेत नाहीत, म्हणाला. नाहीतर चुली पेटायच्या नाहीत. कुणाच्याच, कधीच.

मग मी तोंड उघडलं. मी म्हणालो, मला न्या. खरं सांगतो, मोठेपणा म्हणून बोललो. वाटलं, सुधीर आडवा येईल. म्हणेल, दाजी, काहीतरीच काय. हात धरून ओढत नेईल —

तो विचार करत उभा राहिला. पाड्याकडे बघितलं. म्हणाला, पोरांनी पाच दिवस शिजलेलं खाल्लं नाही, दाजी.

आता चार आहेत. चौथा खांदा तो.

पाड्याकडे पाय उचलत नाहीयेत माझे. सायकल दिसते इथून, पण — वही त्याच्याजवळ देतोय. जयू, मी वचन पाळलं, एवढं तरी कबूल कर. जसा नेला तसा —

सुधीर वाकून विचारतोय. नेहमीसारखाच, अदबीनं. म्हणतो, दाजी, आधी डोकं कुठल्या बाजूला करू —