ढेप्या गोदामाच्या कामाचा नाही

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार

तीर्थस्वरूप सर्जेराव दाजींच्या पायांशी धाकट्या मेव्हण्याचा, बद्रीनाथचा नमस्कार.

इकडे आम्ही तिघं (मी, संध्या आणि ढेप्या धरून) सुखरूप आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि आक्काची साखर कितीवर आहे, ते कळवा. मका यंदा बरा आहे असं ऐकलं, देवाची कृपा. तुम्हाला वाटेल, हाताशी फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला विचारता, "मग कधी येऊ न्यायला?" आणि माझं बोलणं तिथंच खुंटतं. पत्रात मधेच कोणी विचारत नाही.

नागपंचमीला हे कुत्र्याचं पिल्लू घरात आलं (रंग गुळाच्या ढेपेचा, म्हणून नाव ढेप्या). आमच्या मनस्विनीनं त्याला मैत्रिणीकडून आणला आणि चार दिवसांत स्वतः पुण्याला नोकरीवर निघून गेली. त्या वेळी मी तुम्हाला शब्द दिला, की दसऱ्यापर्यंत त्याला शहाणा करतो, मग सिल्लोडला मक्याच्या गोदामावर राखणीला घेऊन जा. तो शब्द मी विसरलेलो नाही. फक्त आपण काय घेऊन जाणार आहोत, ते तुम्हाला आधी माहीत असावं, एवढ्यासाठी हे लिहितो.

मनस्विनीनं पुण्याहून त्याच्यासाठी लोखंडी जाळीचा क्रेट पाठवला. क्रेट म्हणजे पिंजराच, पण तसं म्हटलं की तिला राग येतो. पिल्लाला ते आपलं घर वाटलं पाहिजे, दार उघडं ठेवायचं, आत खाऊ ठेवायचा, बळजबरी करायची नाही, मग महिनाभरात ते आपण होऊन आत झोपतं, अशी तिची शिकवण. आता आपल्याकडे घरात नवं लोखंड आलं की काय करतात, हे तुम्हाला सांगायला नको. संध्यानं हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, नारळ फोडला आणि दाराला लिंबू-मिरची बांधली. (मोटारसायकलला बांधली होती तेव्हा काही बिघडलं नव्हतं.) ढेप्यानं पहिल्याच पावलाला ती मिरची चावली. पुढं आठ दिवस तो क्रेटच्या समोरून भिंत धरून, तोंड फिरवून जायचा. मनस्विनी फोनवर विचारायची, "बाबा, आत खाऊ ठेवता ना?" मी म्हणायचो, ठेवतो. दाराला काय बांधलं होतं, ते तिनं विचारलं नाही.

मग माणूस जवळ बसलं म्हणजे भीती मोडेल, या विचारानं मी माझी सकाळची जपाची बैठक देवघरापासून उचलून क्रेटपाशी आणली. भीती मोडली. तिसऱ्या दिवशी ढेप्या माझी तुळशीची माळ तोंडात धरून आत गेला आणि तिच्यावर पसरला. माळ ओढून तोडणं बरं नाही, म्हणून मी डोकं आणि एक खांदा आत घातला. तो खांदा परत बाहेर येईना. त्यात ढेप्यानं माझ्या हातावर हनुवटी टेकली आणि झोपी गेला. नेमके त्याच वेळी शेजारचे व्यंकटराव पेपर मागायला आले. बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बद्रीनाथराव, पिल्लू कुठंय?" मी आतूनच सांगितलं, झोपलंय, हळू बोला. उरलेला जप तिथंच पुरा केला. दाजी, इतकं चित्त लागलेलं मला देवघरात आठवत नाही.

आता तो आपण होऊन क्रेटमध्ये जातो, दुपारभर झोपतो, घाण बाहेर करतो. पण विचार करा, हे शिक्षण गोदामाच्या काय कामाचं? चोर आला तर हा शहाण्यासारखा आत जाऊन पडणार आणि आपलं दार कोणी लावतंय का, याची वाट बघणार. शिवाय भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खात नाही, आणि दूध कोमट लागतं. पावसातून आला की पंजा वर धरून उंबऱ्यावर उभा राहतो, पुसल्याशिवाय पुढं येत नाही. उंदराला भितो. (इथं एकदाच उंदीर निघाला, तेव्हा संध्या आणि तो एकाच पलंगावर चढून बसले होते.) गोदामात उंदीर किती, हे तुम्ही जाणता.

आक्काला नमस्कार सांगा. निर्णय तुमचा.

तुमचा,
बद्रीनाथ

ता. क. : देवापुढं दिवा लावताना मनाला बरं वाटेना, म्हणून पुन्हा लिहायला बसलो. वरचं सगळं खरं आहे, पण एक गाळलंय. मंगळवारी मागच्या बाजूनं कोणी अनोळखी माणूस आवारात शिरला, तर ढेप्या असा भुंकला की तो एक चप्पल टाकून पळाला. चप्पल अजून आमच्याकडे आहे. राखणीला तो चांगला आहे.

ता. क. दुसरा : संध्यानं पत्र वाचलं. म्हणाली, "एवढं लांबण कशाला लावता? सरळ लिहा की, देत नाय म्हणून." तसं मला लिहिता येत नाही, दाजी, शब्द मी दिलाय. पण ज्याला शब्द दिला, तो त्यातून मोकळं करू शकतो, असं वडील म्हणायचे. माझं मागणं एवढंच आहे. नाहीच जमलं तर दसऱ्याला या. मी स्वतः त्याला गाडीत बसवून देईन आणि काही बोलणार नाही.

ता. क. शेवटचा : पाकीट चिकटवताना संध्यानं सांगितलं, की तिनं परवाच आक्काला फोन करून हे सगळं घातलंय कानावर. त्यावर आक्का म्हणाली म्हणे, "अगं, ह्यांनी तर महिन्याखालीच दुसरं कुत्रं आणून बांधलंय. पण ढेप्याला न्यायचा शब्द बद्रीला दिला, आता नको कसं म्हणावं, म्हणून रोज घोर लावून बसलेत." दाजी, मी तुम्हाला मोकळं केलं. आता तुम्ही मला करा.