पुढं सरकवलेला प्याला

सोमवार, संध्याकाळ

येडशीला दादाकडं जाऊन आलो. एकदाचा. आईच्या मातीच्या दिवशी भांडलो, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून चर्चमधे दर महिन्याला प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायचा द्राक्षरसाचा प्याला आला की मी तो न पिताच पुढं सरकवतो. भावाशी वैर असताना प्याल्याला ओठ लावायचे नाहीत, एवढं इमानानं पाळलं. वैर मिटवायला जाणं तेवढं राहिलं. पास्टर विचारायचे, "जाताय कधी?" मी म्हणायचो, "प्रार्थनेत ठेवलंय." लोक मला नम्र समजायचे. नम्र कसला, आळशी! देवानं प्रार्थना मागितलीच कुठं होती? नुसतं एसटीत बसायचं होतं.

दादा खाटेवर. लकव्यानं वाचा गेलेली, नाकात नळी. मी माफी मागितली. कळली का त्याला, कुणास ठाऊक.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांनीबी प्याला घेतला न्हाय बघा. म्हणायचे, धाकटा येऊ दे, मग संगंच घेऊ."

पास्टरांना फोन केला. म्हणाले, "आता प्याला घ्यायला तुम्ही मोकळे."

मोकळा! आणि दादा? त्याच्या घशाखाली आता घोटभर पाणीसुद्धा उतरत नाही.