पाच वाजता गावभर मी

४ एप्रिल २००४, रविवार, सकाळ
आजपासून रोजनिशी. कॉम्प्युटरवर, हेडफोन लावून, म्हणजे मी लिहिलेलं मशीन मोठ्याने वाचून दाखवतं ते फक्त मला ऐकू येईल. पुढेमागे कुणी विचारलंच की ही धून सुचली कशी, तर तारखा हाताशी असाव्यात.

नाश्त्याच्या वेळी बायकोने, सुमिएने, नगरपालिकेचं पत्रक वाचून दाखवलं. मुलांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता खांबांवरच्या भोंग्यांतून जी धून वाजते, ती बदलणार. जुनी टेप घासून घासून रडायला लागली आहे. नवी धून गावातल्याच माणसाची हवी. अर्ध्या मिनिटाची. मग लोकांचं मतदान. एवढं वाचून सुमिए पुढच्या बातमीवर गेली. ओला कचरा कोणत्या वारी टाकायचा, ही ती बातमी.

मी मिसो सूपचा वाडगा खाली ठेवला. इतकी वर्षं या गावाचे खांदे दाबतोय, पाठीत ॲक्युपंक्चरच्या सुया टोचतोय. लोक माझे हात ओळखतात. माझा कान कुणाला ठाऊक नाही. आता रोज पाच वाजता गावाने हातातलं काम टाकून मला ऐकायचं. मी गेल्यावरसुद्धा. मला हे हवंय. फार हवंय.

संकल्प: रोज दवाखाना उघडण्याआधी एक तास संगीत.

५ एप्रिल
उठायला उशीर. सुमिएने उठवलं नाही. विचारलं तर म्हणाली, तुम्हीच नाही का म्हणालात की कलावंताला आपणहून जाग येते? म्हणालो असेन. पण बायकोने समजून घ्यायचं असतं.

७ एप्रिल
कामाला सुरुवात. संगीताची बाजारातली सगळी सॉफ्टवेअर डोळसांसाठी. चित्रं, माऊस, रंगीत पट्ट्या. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणाऱ्या आमच्या स्क्रीन रीडरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हे एकच आमच्या कामाचं. परदेशातल्या कुणा भल्या माणसाने फुकट देऊन टाकलंय. यात प्रत्येक सूर म्हणजे यादीतली एक ओळ: कोणता सूर, कधी, किती लांब, किती जोरात. बाण दाबत खाली जायचं, मशीन वाचत राहतं, आणि जोडलेला माझा जुना वाजवायचा की-बोर्ड ते सूर वाजवतो.

हे शोधून काढलं निइमीने. अंधशाळेपासूनचा मित्र, स्टेशनपलीकडे त्याचाही सुयांचा दवाखाना. कुठली कळ काय करते ते सगळं त्याने कॅसेटवर बोलून मला दिलंय, दोन्ही बाजू भरून. पहिली बाजू मी ऐकली. दुसरी ऐकायची गरज वाटली नाही. निइमी कष्टाळू आहे. प्रतिभा ही वेगळी गोष्ट.

११ एप्रिल
चार मात्रा तयार. अप्रतिम.

१२ एप्रिल
चार मात्रा पुसल्या गेल्या. सेव्ह करायचं राहिलं. मशीनने विचारलं होतं म्हणे. ज्या आवाजात ते ‘बॅटरी भरली आहे’ सांगतं, त्याच आवाजात हेही विचारतं. माणसाने ऐकायचं काय नि सोडायचं काय? मशीनवर विश्वास ठेवणं बंद.

१८ एप्रिल
नगरपालिकेत फोन केला. तिथल्या तोदाबाई म्हणाल्या, अजून एकच नाव आलंय, तुमचंच. एकच राहिलं तर स्पर्धा रद्द करून बाहेरून धून विकत आणावी लागेल.

लगेच निइमीला फोन. म्हटलं, तूही काहीतरी पाठव. तो म्हणाला, अरे मला कुठे जमतंय, मी आपला कॅसेट भरणारा माणूस. म्हटलं, जमायला नकोच आहे, नुसतं नाव हवंय. खूप आढेवेढे घेतले. शेवटी, तू म्हणतोस म्हणून, असं म्हणाला. मित्र असावा तर असा.

२३ एप्रिल
सात वाद्यं झाली. बासरी, आमच्या कोतोच्या लांब तारा, तंतुवाद्यांचा ताफा, दोन प्रकारचे ढोल, देवळाची घंटा, आणि शेवटी मोठी झांज. सुमिएला ऐकवलं. ती मासा भाजत होती. म्हणाली, भरगच्च आहे. संगीतातलं तिला काही कळत नाही. मासाही करपला.

२४ एप्रिल
आज मासा अर्धा कच्चा. सुमिए म्हणाली, करपायला नको म्हणून लवकर काढला. काल ही रोजनिशी लिहिताना हेडफोनची पिन नीट बसली नव्हती असं दिसतंय. यापुढे आधी पिन तपासायची.

२ मे
सुट्ट्यांचा आठवडा. सुट्टीत काम होत नाही, हे सगळे मानतात. मीही मानलं.

९ मे
निइमी आला होता, बायकोने केलेलं बांबूच्या कोंबांचं लोणचं घेऊन. धून ऐकली. हातातला चहा खाली ठेवला. भारावला असणार. मग म्हणाला, कुसाकाबे, एक सांगू का? आपल्या गावाला तिन्ही बाजूंनी डोंगर. बंदरावरच्या भोंग्याचा सूर पोचतो न पोचतो तोच शाळेवरच्या भोंग्याचा येतो, मग डोंगरावरून परत. सुरांच्या मधे जागा ठेव, नाहीतर सगळ्याची खिचडी होईल.

तुझी धून कशी आहे, विचारलं. म्हणाला, एकच बासरी. आठ ओळींचीही नाही.

मला त्याची दया आली. जागा कुणीही ठेवेल. तो गेल्यावर मी दुसरी घंटा घातली.

१६ मे
पूर्ण! शेवटच्या सुरानंतर अंगावर काटा आला. फाईल नगरपालिकेकडे रवाना. तोदाबाई म्हणाल्या, फाईल कुठलीही चालेल, आमच्याकडे सगळं वाजतं.

२३ मे, रविवार, दुपार
आज सार्वजनिक सभागृहात दोन्ही धुना ऐकवल्या. अर्धं गाव आलं होतं.

आधी निइमीची. संपली हे कळायलाच वेळ लागला, इतकी साधी. लोक नुसते बसून. टाळीसुद्धा नाही. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं.

मग माझी. मधेच टेलिफोन वाजला. तोदाबाई धावल्या, उचलला, हॅलो म्हणाल्या, ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा धावल्या. या गावात शिस्त म्हणून नाही. पण शेवट! शेवटच्या सुराबरोबर टाळ्यांचा प्रचंड कडकडाट. असा कडकडाट मी आयुष्यात ऐकला नव्हता. उठलो, कमरेत पूर्ण वाकून नमस्कार केला. टाळ्या थांबेनात म्हणून पुन्हा वाकलो. डोळे भरून आले. सुमिए बाही ओढत होती. तिलाही आवरेना बहुतेक.

२३ मे, संध्याकाळ
निइमीचा फोन. त्या टाळ्या माणसांच्या नव्हत्या.

या फाईलमध्ये आवाज नसतोच म्हणे. असते ती नुसती सूचना: अमुक क्रमांकाच्या वाद्याने अमुक सूर वाजवा. माझ्या जुन्या की-बोर्डावर ज्या क्रमांकाला देवळाची घंटा आहे, त्या क्रमांकाला नगरपालिकेच्या मशीनवर टेलिफोनची घंटी. आणि जिथे माझी मोठी झांज, तिथे टाळ्या. त्याने स्वतःची धून आधी रेकॉर्ड करून घेतली आणि मग पाठवली. हे सगळं कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला सांगितलं होतं, असं तो फार हळू आवाजात म्हणाला.

म्हणजे मी एका झांजेला दोनदा वाकून नमस्कार केला, अर्ध्या गावासमोर. आणि एकही माणूस बोलला नाही! सुमिएने सांगायला हवं होतं. विचारलं तर म्हणाली, बाही फाटेपर्यंत ओढत होते की. बाही ओढणं म्हणजे सांगणं नव्हे. की-बोर्डाने दगा दिला, नगरपालिकेने दिला, बायकोने दिला.

३० मे
निइमीने त्याची रविवारची सुट्टी घालवून माझी धून माझ्याच वाद्यांनी नीट रेकॉर्ड करून दिली. तोदाबाईंनी ती लगेच लावून घेतली. मतदान उद्यापासून शुक्रवारपर्यंत, नगरपालिकेच्या दारातच. दोन्ही धुना तिथे दिवसभर वाजणार. निइमीला मनातून अपराधी वाटत असणार. एरवी कोण एवढं करतं?

२ जून, बुधवार
दवाखाना अर्धा दिवस बंद. मत द्यायला गेलो. दारात ही गर्दी. इवागो आजी, तोफूवाल्या, माझ्या जुन्या पेशंट, त्याही रांगेत.

चिठ्ठीवर १ किंवा २ लिहायचं. मी १, निइमी २. मला पेनाने लिहिता येत नाही म्हणून तोदाबाई लिहून देणार. आंधळ्या माणसाला ऐकूही कमी येतं असं या बाईंना वाटतं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, कुसाकाबे सेन्सेई, तुमचं मत कुणाला?

आता इतक्या लोकांदेखत कुठला भला माणूस स्वतःचं नाव सांगेल? मीही मग ताठ उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, दोन. माझं कसलं, निइमीचंच खरं संगीत, त्यालाच मिळायला हवं.

रांगेत कुजबुज झाली. इवागो आजी म्हणाल्या, सेन्सेई, मन किती मोठं तुमचं! या वेळच्या टाळ्या माणसांच्या होत्या, मी खात्री करून घेतली.

आता हरणं शक्यच नाही. एवढ्या विनयाला गाव काय उत्तर देतं हे मला ठाऊक आहे. पाहुणा केक नको म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे दोन तुकडे ठेवायचे असतात.

३ जून
निकालानंतर बोलायचे चार शब्द तयार केले. ‘माझी लायकी नसताना’ इथपासून सुरुवात.

५ जून, शनिवार
निइमी जिंकला. जवळजवळ सगळी मतं त्यालाच. सोमवारपासून त्याचीच धून वाजणार.

५ जून, थोड्या वेळाने
निइमीला फोन केला. अभिनंदन केलं, दात-ओठ खाऊन. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तू मत कुणाला दिलंस रे? म्हणाला, मलाच. तोदाबाईंनी असंच मोठ्याने विचारलं का? हो म्हणे. आणि तू सगळ्यांसमोर ‘दोन’ म्हणालास? हो म्हणे, मला माझी आवडली.

निर्लज्ज! एका बाकावर शिकलो, एकमेकांच्या पाठीवर सुया टोचायला शिकलो. त्याच्या पहिल्या सुईची खूण अजून आहे माझ्या खांद्यावर. नाव द्यायला लावलं मी, आणि हा मनुष्य स्वतःलाच मत देतो. ही मैत्री संपली. लोणचं परत पाठवायचं होतं, पण संपलंय.

६ जून
सगळा उलगडा झाला. रविवार असूनही इवागो आजी मान धरली म्हणून आल्या होत्या. मान दाबता दाबता विचारलं. म्हणाल्या, अहो, मी तर तुम्हालाच द्यायची होते, इतक्या वर्षांचे संबंध, न देऊन कसं चालेल? पण तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत ना, दोनला द्या म्हणून! तुमचा शब्द कसा मोडायचा? मासळीबाजारात सगळ्यांना सांगितलं मी, सेन्सेईंची इच्छा आहे म्हणून.

मी मान जरा जोरात दाबली. नको म्हटलं की हो समजायचं, एवढंही या गावाला कळू नये? दुकानात, लग्नात, मयताला, सगळीकडे कळतं. नेमकं माझ्याच वेळी सगळ्यांनी शब्दाला शब्द धरला. असा विश्वासघात कुणाचा झाला नसेल.

पण रात्री जेवताना मन हलकं होतं. याचा अर्थ सरळ आहे. धून माझीच आवडली होती. गावाने मला माझ्या मोठेपणापायी हरवलं. सुमिएनेही बिचारीने नवऱ्याचा शब्द राखायला दोनलाच दिलं असणार. उद्या तिला सांगायचं की मी माफ केलंय.

७ जून, सोमवार, संध्याकाळ
सांगितलं. ती गच्चीवर गाद्या झटकत होती. म्हणाली, कशाबद्दल माफ? म्हटलं, माझ्या बोलण्यामुळे तुला निइमीला मत द्यावं लागलं त्याबद्दल. झटकणं थांबलं. म्हणाली, मी तर सोमवारीच देऊन आले होते, मासे आणायला गेले तेव्हा.

मी बोललो बुधवारी.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. का? तेवढ्यात पाच वाजले. बंदराकडून निइमीची बासरी आली, मग शाळेकडून, मग डोंगरावरून, आणि मधल्या जागांत काहीच नाही. खालच्या गल्लीत चेंडूचा आवाज थांबला. मुलं एकमेकांना उद्या भेटू म्हणाली.

सुमिए म्हणाली, हे ऐकलं की घरी जावंसं वाटतं.

मी म्हटलं, आणि माझं?

ती म्हणाली, तुमचं ऐकलं की वाटतं, हे संपल्यावर जाऊ.

मग तिने गाद्या माझ्या हातांवर ठेवल्या आणि आम्ही आत आलो.