मिलोने आखलेली चाल

हार्लन क्रीक, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १० नोव्हेंबर १९८५

प्रिय मिलो,

तू आणि मुली खुशाल असाल. मी बरा आहे. थंडी सुरू झाली की गुडघा कुरकुरतो, एवढंच. आईच्या थडग्यावरची पानं परवा झाडून आलो. ओरावेकच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्यामुळे तो सध्या कुणालाही धरून फोटो दाखवतो.

आईला पुरलं त्या दिवसानंतर हे माझं पहिलंच पत्र. सहा वर्षं झाली. त्या दिवशी सगळ्यांदेखत मी तुला म्हणालो, "तू इथे फक्त कौतुक करून घ्यायला येतोस," आणि तू न जेवता निघून गेलास. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज दुसरंच लिहायचं आहे.

शाळेच्या फुटबॉल टीमचं तुला डॉटने कळवलंच आहे. बचाव चांगला आहे, पण चेंडू आपल्याकडे आला की रडगाणं सुरू. मधल्या गर्दीत घुसायचं, आपटायचं, पुन्हा घुसायचं, पुन्हा आपटायचं, की चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. ऑक्टोबरअखेर सहा सामने, सहा पराभव, सगळे मिळून तेरा गुण.

शनिवारी दुपारी हरायचं आणि रविवारी चर्च सुटलं की डॉटच्या कॅफेत बसून भांडायचं, असा यंदाचा क्रम. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी तर कहर झाला.

"चेंडू फेका! लांब फेका!" ओरावेक टेबल बडवत होता. तीस वर्षं टपाल वाटलं त्याने, त्याला सगळं लांब पोचवायचंच सुचतं.

"फेकणार कोण? तुझी बायको?" गुला न्हावी म्हणाला. "काल त्या पोराने फेकलेला चेंडू बँडवाल्याच्या ढोलात गेला."

"मग काय, परत मधूनच घुसायचं?"

"मधूनच. पण जोर लावून."

"सहा आठवडे जोरच लावतायत रे! आता लावायला जोर उरलाय कुठे?"

आपल्याला भूमिती शिकवणाऱ्या सोबचॅकबाई म्हणाल्या, की कोच पेट्राकला डोकंच नाही, ते शाळेतही नव्हतं. सगळे हसले. आणि मग दर रविवारी कुणीतरी म्हणतंच ते गुला म्हणाला, "आज मिलो असता तर!"

मिलो, एकोणचाळीस वर्षं मी हे ऐकतोय. तू क्वार्टरबॅक, चेंडू तुझ्या हातात, लोकांचे डोळे तुझ्यावर. मी गार्ड, तुझ्या वाटेत येणाऱ्यांना पाडायचं माझं काम. मी ज्यांना पाडलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. माझंही नाव मागच्या वर्षी आपल्या टीमच्या जुन्या फोटोखाली कुणीतरी "मिलोचा भाऊ" असं लिहिलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर डॉटने माझ्या हातात एक पाकीट दिलं. वर तुझं अक्षर, कॅलिफोर्नियाचा शिक्का.

"मिलोने कोचसाठी पाठवलंय. मैदानावरून जाशील ना? देऊन टाक."

"मिलो तुला पत्रं लिहितो?"

"महिन्याला एक. मीही लिहिते," ती कप पुसत म्हणाली. "तुला सांगितलं नाही, कारण तुझं तोंड आत्ता जसं झालंय तसं होतं."

माझी इर्मा वारल्यापासून चार वर्षं मी रोज तिच्याकडे जेवतोय. बाहेरचा पाइप फुटला तर दुरुस्त करतो, बर्फ पडलं तर पायऱ्या मोकळ्या करतो. मला वाटत होतं, हळूहळू काही जमतंय. आणि इकडे महिन्याला एक पत्र! शाळेतल्या शेवटच्या नाचाला ती तुझ्याबरोबर गेली होती, हे मी विसरलो असं समजू नकोस.

मी पाकीट गाडीत बसून फोडलं. तुझी आकृती पाहिली. चेंडू मधल्या माणसाला दिल्याचं सोंग करायचं, समोरचे सगळे मध्ये धावले की क्वार्टरबॅकने स्वतःच उजवीकडून पळायचं. चाल चांगली होती. ती चांगली आहे हेच मला सहन झालं नाही. फालतू असती तर मी ती आनंदाने पोचवली असती.

घरी येऊन मी ती माझ्या अक्षरात उतरवली आणि सोमवारी पेट्राकला माझी म्हणून दिली.

२ नोव्हेंबरला पोरं ती चाल चारदा खेळली. दोनदा पोरगं शेवटच्या रेषेपलीकडे गेलं. चौदा-सहा. जिंकलो, मिलो! गुलाने मला मिठी मारली. सोबचॅकबाईंनी माझ्या गालाचा मुका घेतला. दुसऱ्या दिवशी कॅफेत मी शिरलो तर लोक उभे राहिले. सत्तावन्न वर्षांचा झालो, माझ्यासाठी कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

डॉट उभी राहिली नाही. बिल मांडताना हळूच म्हणाली, "मिलोने चालीबद्दल मलाही लिहिलं होतं, लॅडी. तूच सांग सगळ्यांना. मी सांगणार नाही, आणि तोवर तुझ्याशी बोलणारही नाही."

ती खरंच बोलली नाही. आठवडाभर ताट समोर ठेवायची आणि पाठ फिरवायची.

आज सकाळी सांगितलं. उभं राहून, टोपी हातात धरून. "चाल मिलोची आहे. मी चोरली." मला वाटलं, आता शिव्या पडतील. पण ओरावेक खुशीत ओरडला, "बघा! मी म्हणतच होतो, हे डोकं मिलोचंच!" आणि तुझ्या गोष्टी सुरू झाल्या. माझ्यावर रागवायलाही कुणाला सवड नव्हती. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

डॉटने मात्र कॉफी ओतली. म्हणाली, "बस. गार होईल." मी बसलो.

तुझा मूळ कागद सोबत परत पाठवतोय. तो नीट बघ. डाव्या गार्डला तू सरळ समोर ढकलायला लावलंयस. तसं केलं तर उजवीकडे पळणाऱ्यापुढे वाट मोकळी करायला कुणीच राहत नाही, पोरगं चार पावलांत आडवं होईल. मी ते बदललं. गार्ड एक पाऊल मागे येतो, सगळ्यांच्या मागून उजवीकडे धावतो आणि चेंडूवाल्याच्या पुढे राहतो. दोन्ही वेळा पोरगं त्याच्या पाठीमागूनच गेलं.

आपल्या वेळीही मी असाच धावायचो, मिलो. पाठ माझीच असायची तुझ्यासमोर. दोन वर्षं तू तिच्यामागून पळालास आणि तरी तुला ती आठवली नाही.

हे मी कॅफेत सांगितलं नाही. कुणाला सांगणारही नाही. फक्त तुला ठाऊक असावं.

काल सामना नव्हता; शेवटचा येत्या शनिवारी आहे. डॉट विचारते आहे, येशील का. मला अजून विचारता येत नाही. पण तू आलास तर विमानतळावर मी घ्यायला येईन, आणि या वेळी जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.

तुझ्या पुढे धावलेला,
तुझा मोठा भाऊ
लॅडी