हातात न बसणारी सुरी

आई, आज मी गुलमंडीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात भांडून आले. दुकानदारानं माझ्यापुढं सहा सुऱ्यांचा चकचकीत संच ठेवला. म्हणाला, "हाच न्या ताई, आजकाल सगळे हाच नेतात." मी म्हटलं, मला सहा नकोत, एकच हवी, आणि ती हातात धरून बघायची आहे. तर हसायला लागला. "सुरी काय बांगडी आहे का ताई, हातात घालून बघायला?" मग मात्र माझा संताप झाला. बांगडी नुसती हातात असते, तरी बांगडीवाला दहा मापं काढून दाखवतो. सुरी रोज तास-दोन तास राबते, तिला माप नको? मागं उभ्या असलेल्या बाया हसल्या, तेव्हा त्यानं निमूट भाजी चिरायचा पाट काढून दिला. एकेक सुरी मी पाटावर चालवून पाहिली. मूठ धरल्यावर बोटांची पेरं पाटाला आपटतात का, पातं पुढं झुकतं की तोल हातात राहतो, ओल्या हातातून मूठ निसटते का. मला रोज कांदा, मेथी, वांगी चिरायची असतात. त्याला वीतभर पातं पुरतं. बकरा कापायचा नाही मला.

हे सगळं मी तुझ्या हाताकडं बघून शिकले. तर्जनीच्या मुळाशी तुला एक टणक घट्टा होता, पीठ मळताना तो पांढरा पडायचा. घरातली सुरी दादांनी, तुझ्या नवऱ्यानं, गंगापूरच्या बाजारातून आणली होती, स्वतःच्या पंजात तोलून. जाड मूठ, रुंद पातं. तू म्हणालीस, "लई जड हाय, हातात बसत नाय." दादा म्हणाले, "व्हय, पण भोपळ्यात कशी जाती बघ!"

भोपळ्यात! अख्ख्या भोपळ्यावर बाईनं पहिला घाव घालायचा नाही, ही आपल्याकडची रीत. मला तो दिवस लख्ख आठवतो. दादा कचेरीच्या कामानं पैठणला गेलेत, दुपारी पाहुणे यायचेत, आणि भोपळा ओट्यावर तसाच बसलाय. तू दारात जाऊन शेजारच्या काकांना हाक मारतेस. अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावून काका येतात, सुरी भोपळ्यात खुपसतात, "घ्या वहिनी, झालं तुमचं काम!" म्हणतात आणि निघून जातात. झालं? मग पुढच्या चाळीस फोडी कोणी केल्या? मी दहावीत होते, गप्प बसले नाही. "तूच घाल ना घाव. भोपळा काय बोंबलणार आहे?" तू वळूनही पाहिलं नाहीस. "तोंड लई चालतं तुझं. हात चालव. मिरच्या निवड."

आई, मला चीड येते ती याची. ज्याला वर्षातून चार घाव घालायचे, त्याच्या पंजाच्या मापाची सुरी घरात आली. जिला त्याच सुरीनं वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस काढायचे, तिला मात्र सांगितलं, सवय होईल. आणि सवय झाली म्हणे! सवय झाली नव्हती, घट्टा झाला होता. हे मी वीस वर्षं भाषणांत सांगत आले आहे. गंगापूरला, फुलंब्रीला, कॉलेजांत, महिला मंडळांत. फेस लावलेले काका आले की सभागृह हसतं, आणि मी घट्ट्यापाशी आले की बाया आपापल्या हाताकडं बघतात.

एक गोष्ट मात्र मी तिथं सांगत नाही. दादा गेल्यावर, मला नोकरी लागली त्या वर्षी, मी चपला घालत होते आणि तू म्हणालीस, "येताना एक हलकी सुरी आणशील का गं? माझ्या हाताला जमंल अशी." मला सभेला उशीर झाला होता. "आणते," म्हटलं. त्यानंतर तू अजून दोनदा आठवण केलीस. मग सोडून दिलंस. तू गेल्यानंतर मी ओटा आवरला, तेव्हा तिथं दादांचीच सुरी होती.

सभेतल्या टाळ्या दादांवरच्या रागाला पडतात, आणि मी त्या घेते. लिहिलेलं प्रत्येक पान चार लोकांत मोठ्यानं वाचायची माझी खोड तुला माहीत आहे. हे पान मी कुणालाही वाचून दाखवणार नाही.